प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी : पुरावा, सिद्धता आणि सत्य

आधुनिक महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासात कोसंबी हे आडनाव दोन पिढ्यांनी उज्ज्वल केले. पित्याने आपल्या भूमीतून लुप्तप्राय झालेला बुद्धविचार मराठी वाचकाच्या घरात पुन्हा आणून ठेवला. पुत्राने गणित आणि इतिहास ही परस्परांपासून दूर मानली गेलेली दोन शास्त्रे एकाच बुद्धीच्या शिस्तीत बांधण्याचा प्रयत्न केला. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आमच्या बौद्ध समाजाला बऱ्यापैकी परिचित आहे. दामोदर कोसंबी यांचे नाव इतिहासाचे विद्यार्थी आदराने घेतात. परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग गणितात गेला आणि त्या गणितातच त्यांना एक मोठी हार पत्करावी लागली, याविषयी आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते. एखादी गोष्ट खरी आहे असे केव्हा म्हणावे आणि ती सिद्ध झाली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न केवळ गणितज्ञांचा नाही. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही किंवा लिहून पुसला गेला, त्या समाजाचा तो रोजचा प्रश्न आहे. म्हणून आमच्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत प्राध्यापक कोसंबी यांच्या जीवनाची ही बाजू विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते.

पित्याचा वारसा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. पद्धतशीर शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. बुद्धाच्या जीवनाने मनाची पकड घेतली आणि १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपाला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली १९०२ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि पाली आत्मसात केली. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने विशुद्धिमार्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावले. १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे विद्वान त्यांच्याच परंपरेत तयार झाले. मुंबईच्या परळ भागात कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजनविहार चालविला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

धर्मानंदांचा एक गुण पुत्रामध्ये पूर्णपणे उतरला. परंपरेने सांगितले म्हणून ते काही मानीत नसत. सिद्धार्थाने वृद्ध, रुग्ण आणि मृत माणूस पाहून गृहत्याग केला, ही सर्वमान्य कथा त्यांनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात प्राचीन सुत्तांच्या कसोटीवर घासून पाहिली आणि आप्तांच्या शस्त्रधारणेमुळे सिद्धार्थाला आलेल्या उद्वेगाकडे लक्ष वेधले. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनीही आपल्या बुद्धचरित्रात ती पारंपरिक कथा बाजूला सारून शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा कालामांना केलेला तथागतांचा उपदेश कोसंबींच्या घरात केवळ पाठ केला जात नव्हता, पाळला जात होता.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. आरंभीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेस गेले आणि हार्वर्डच्या परिसरातील केंब्रिज या नगरात शिकू लागले. १९२४ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. गणित हा मुख्य विषय असला तरी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. एकाच विषयाची वाट धरावी हा तेथील गणिताच्या थोर प्राध्यापकांचा सल्ला त्यांना मानवला नाही. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते मायदेशी परतले.

१९३१ सालच्या दोन गोष्टी

परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलिगढ मुस्लिम विद्यापीठात अध्यापन केले. अलिगढला आंद्रे वेय हे तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होते. येथे एक गमतीचा प्रसंग घडला, परंतु त्याचे पडसाद गणिताच्या इतिहासात दीर्घकाळ उमटले. एका सहकाऱ्याची जिरविण्यासाठी वेय यांनी कोसंबींना सुचविले की, बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार देऊन शोधनिबंध लिहावा. कोसंबींनी तो लिहिला आणि १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत तो छापूनही आला. निबंधातील गणित खरे होते, बूर्बाकी मात्र अस्तित्वातच नव्हता. काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी हेच नाव सामुदायिक टोपणनाव म्हणून धारण केले आणि समग्र गणिताची मुळापासून तर्कशुद्ध मांडणी करणारी ग्रंथमाला लिहावयास घेतली. गणिती लेखनात बूर्बाकी हे नाव प्रथम आले ते एका मराठी माणसाच्या निबंधात.

त्याच १९३१ साली व्हिएन्नामध्ये कुर्ट गडेल या पंचवीस वर्षांच्या तरुणाने एक निबंध प्रसिद्ध केला. तो कोसंबींहून अवघ्या एका वर्षाने मोठा. त्याच्या निबंधाने गणिताच्या तत्त्वज्ञानाचा पायाच हलविला. ही गोष्ट समजून घेण्यासाठी सिद्धता म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. आमचे नववी-दहावीचे विद्यार्थी भूमितीत पक्ष, साध्य आणि सिद्धता असे लिहितात. प्रथम काही गृहीतके मान्य करावयाची आणि मग ठरलेल्या नियमांनी एकेक पायरी चढत साध्यापर्यंत पोहोचावयाचे. आकृतीत कोन काटकोनासारखा दिसतो, हे येथे कारण होत नाही. शिक्षक म्हणतात, हेही कारण होत नाही. सिद्धतेच्या राज्यात राजा आणि रंक यांना एकच कायदा आहे, आणि हेच तिचे सर्वांत मोठे वैभव आहे.

जर्मनीचे थोर गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांची आकांक्षा अशी होती की, सारे गणित अशा गृहीतकांच्या आणि नियमांच्या चौकटीत बसवावे आणि त्या चौकटीत कधीही विसंगती निर्माण होणार नाही, हेही निर्विवाद सिद्ध करावे. गडेलने दाखवून दिले की, पूर्णांकांचे साधे अंकगणित सामावून घेण्याइतकी समर्थ आणि सुसंगत अशी कोणतीही नियमबद्ध चौकट घेतली, तरी तीत संख्यांविषयीची अशी विधाने उरतातच, की जी त्या चौकटीत सिद्ध करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत. शिवाय अशी चौकट स्वतःची सुसंगती स्वतःच्याच बळावर सिद्ध करू शकत नाही. सत्य आणि सिद्धता या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्या दिवसापासून गणितानेच गणिताला शिकविले.

गडेलच्या प्रमेयाचा पुष्कळदा गैरवापर होतो. बुद्धीलाही मर्यादा आहेत, म्हणून बुद्धी सोडून बुवाच्या पायाशी जावे, असा अर्थ त्यातून काढला जातो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. तर्काची सीमा गडेलने तर्कानेच आखली, आणि ती आखताना प्रत्येक पायरी सिद्ध केली. आपल्या मर्यादा स्वतःच तपासून जाहीर करणारे शास्त्र ज्याला विश्वासार्ह वाटत नाही, त्याने मर्यादाच न मानणाऱ्या पोथीवर विश्वास ठेवावा, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

पुण्यातील वर्षे आणि बोलू लागलेली नाणी

अलिगढ सोडून कोसंबी पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी दशकाहून अधिक काळ गणित शिकविले. वक्रमार्गांच्या भूमितीवरील त्यांच्या १९३३ च्या निबंधावर एली कार्तां या फ्रान्समधील श्रेष्ठ गणितज्ञांनी त्याच नियतकालिकात टिपण लिहिले; चिनी गणितज्ञ चर्न यांनी त्यात पुढे भर घातली आणि आज तो सिद्धांत तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन पारितोषिक मिळाले. १९४३ मध्ये संख्याशास्त्रातील एक पद्धत त्यांनी मांडली. तीच पुढे युरोपात स्वतंत्रपणे शोधली गेली. १९४४ मध्ये गुणसूत्रांवरील जनुकांचे अंतर मोजण्याचे सूत्र त्यांनी दिले. कोसंबी यांचे नाव धारण केलेले ते सूत्र पिकांच्या आणि प्राण्यांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक आजही वापरतात.

संख्याशास्त्राचा हा अभ्यास चालू असतानाच त्यांना नाण्यांचा नाद लागला. तक्षशिला येथे चांदीच्या आहत नाण्यांचे मोठे साठे सापडले होते. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, लेख नाही; ठशांच्या काही खुणा तेवढ्या आहेत. लेख नसेल तेथे इतिहास नाही, असे मानणाऱ्यांना ही नाणी मुकी होती. कोसंबींनी ती तराजूवर ठेवली. टाकसाळीतून निघताना नाण्यांच्या वजनात फारसा फरक नसतो. हातोहात फिरताना प्रत्येक नाणे झिजते. म्हणून जितका काळ लोटतो तितके समूहाचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो. हा नियम पडताळून पाहण्यासाठी त्यांनी त्या काळी चलनात असलेली आधुनिक नाणीही हजारोंच्या संख्येने तोलली. तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागील बाजूस वेळोवेळी तपासणी करणाऱ्यांनी मारलेल्या खुणा होत्या. ज्या नाण्यांवर अशा खुणा अधिक, ती सरासरीने हलकी, असे आढळले. अशा रीतीने निनावी नाण्यांची कालानुक्रमे मांडणी करता आली. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराची साक्ष गणिताने नोंदविली.

येथे एक बारकावा आहे आणि पुढील कथेसाठी तो फार महत्त्वाचा आहे. झिजेचा नियम समूहाला लागू पडतो, एकेका नाण्याला नव्हे. एखादे जुने नाणे कुणाच्या गाडग्यात पुरून राहिले असेल, तर ते नव्या नाण्याहून जड भरेल. शंभर नाण्यांविषयी जे ठामपणे सांगता येते, ते त्यांपैकी अमुक एका नाण्याविषयी सांगता येत नाही.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९४६ मध्ये कोसंबी तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. घर पुण्यास आणि काम मुंबईस. डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. १९४८-४९ मध्ये शिकागो आणि प्रिन्स्टन येथे ते पाहुणे अध्यापक म्हणून राहिले. प्रिन्स्टनच्या ज्या संस्थेत ते गेले, तेथेच आइन्स्टाइन आणि गडेल हे दोघेही त्या काळी कार्यरत होते.

त्याच सुमारास, १९४८ मध्ये, शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. १९५६ हे वर्ष आमच्या दृष्टीने युगप्रवर्तक. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षी भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा कोसंबींचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि राजांच्या वंशावळींऐवजी नांगर, नाणे, जमीन आणि जमाती यांच्या आधारे इतिहास लिहिण्याची वाट रुंद झाली. पुण्याच्या परिसरातील टेकड्या ते पायी तुडवीत, सूक्ष्म दगडी हत्यारे वेचीत, मेंढपाळांशी आणि गावकऱ्यांशी बोलत. आदिम मातृदेवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि बौद्ध लेणी एकमेकांच्या जवळ का येतात, याचा त्यांनी घेतलेला शोध आजही वाचनीय आहे.

मूळ संख्यांचा ध्यास

कोसंबींच्या जीवनातील निर्णायक प्रकरण मूळ संख्यांशी निगडित आहे. २, ३, ५, ७, ११ अशा ज्या संख्यांना १ आणि ती संख्या यांखेरीज विभाजक नाहीत, त्या मूळ संख्या. शंभरपर्यंत त्या २५ आहेत, हजारपर्यंत १६८. पुढे पुढे त्या विरळ होत जातात. एकेक मूळ संख्या नेमकी कोठे येईल यात वरवर पाहता कोणतीच शिस्त दिसत नाही. परंतु त्या किती असतील याचा अंदाज देणारे सूत्र आहे आणि ते आश्चर्यकारक रीतीने जुळते. दहा लाखांपर्यंत प्रत्यक्षात ७८,४९८ मूळ संख्या आहेत आणि अंदाज येतो त्याहून सुमारे १३० ने अधिक.

अंदाज आणि वास्तव यांतील हा फरक जास्तीत जास्त किती वाढू शकेल? जर्मन गणितज्ञ रीमान यांनी १८५९ मध्ये एक अटकळ मांडली. ती खरी असेल तर हा फरक साधारणतः त्या संख्येच्या वर्गमुळाच्या आसपासच्या प्रमाणात राहील. नाणेफेकीचे उदाहरण घेऊ. खरे नाणे दहा हजार वेळा उडविले तर छापा बरोबर पाच हजार वेळा पडत नाही. पन्नास-शंभरांचा फरक पडतो. दहा हजारांचे वर्गमूळ शंभर. म्हणजे रीमान यांच्या अटकळीचा आशय असा की, मूळ संख्या प्रामाणिक नाणेफेकीइतक्याच नीटनेटक्या रीतीने वागतात. हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये विसाव्या शतकापुढे ठेवलेल्या प्रश्नांत तिचा समावेश केला. आज संगणकाने दहा लाख कोटींहून अधिक ठिकाणी ती तपासून पाहिली आहे. एकदाही ती चुकलेली नाही. तरीही ती सिद्ध झालेली नाही.

नाण्यांच्या समूहातून सत्य काढणाऱ्या कोसंबींना हा प्रश्न आपल्याच अंगणातला वाटला असल्यास नवल नाही. जेथे वागणूक नाणेफेकीसारखी, तेथे संभाव्यतेचे नियम चालले पाहिजेत. १९५८-५९ च्या सुमारास त्यांनी भारतीय कृषी सांख्यिकी समाजाच्या नियतकालिकात या दिशेने निबंध लिहिले आणि रीमान यांची अटकळ संभाव्यतेच्या मार्गाने सिद्ध होते असा दावा केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा होता : मूळ संख्या नाणेफेकीप्रमाणे वागतात, हे गृहीत धरले तर पुढचे सारे ओघाने येते, परंतु त्या तशा वागतात की नाही, हेच तर सिद्ध करावयाचे आहे. मूळ संख्या कुणी उडविलेल्या नाण्यांतून आलेल्या नाहीत. त्यांची माळ एकच आहे आणि ती अनादि काळापासून ठरलेली आहे. अशा असंख्य माळांपैकी जवळजवळ सर्व माळा नियम पाळतात असे दाखविले, तरी आपली ही एक माळ तो पाळते, हे सिद्ध होत नाही. झिजेचा नियम एकेका नाण्याला लागू पडत नाही, हे वर पाहिले, येथेही तेच.

दहा लाख कोटी ठिकाणी खरे ठरलेले विधान आणखी काय सिद्ध करावयाचे, असे सामान्य माणसाला वाटेल. गणिताच्या इतिहासात याचे खणखणीत उत्तर आहे. मूळ संख्यांचा वर सांगितलेला अंदाज प्रत्यक्ष संख्येहून नेहमी थोडा अधिकच भरतो. आजवर जेथे जेथे प्रत्यक्ष मोजणी झाली तेथे तेथे हेच आढळले. हा अबाधित नियम आहे असे कुणालाही वाटावे. परंतु इंग्रज गणितज्ञ लिटलवुड यांनी १९१४ मध्ये सिद्ध केले की, हा क्रम पुढे कोठेतरी उलटतो आणि असा तो अनंत वेळा उलटतो. ती जागा इतकी दूर आहे की ती मोजणीत अद्याप कुणाच्याही दृष्टीस पडलेली नाही. पुराव्यांचा डोंगर एका बाजूला आणि सत्य दुसऱ्या बाजूला, असे गणितात प्रत्यक्ष घडलेले आहे.

कुणी म्हणेल, रीमान यांची अटकळ गडेलने सांगितलेल्या असिद्ध विधानांपैकीच एक असेल, तर कोसंबींचा काय दोष? तशी शक्यता तर्काने नाकारता येत नाही. त्यातही एक नवल आहे. ती अटकळ खोटी असती, तर तिला छेद देणारे एखादे ठिकाण कोठेतरी असते आणि मर्यादित आकडेमोडीने ते दाखवून देता आले असते. म्हणून ती प्रचलित गृहीतकांतून सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरविता येत नाही असे जर कधी ठरले, तर त्याचा अर्थ ती खरी आहे असाच होईल. परंतु ती तशी आहे हेही कुणीतरी सिद्ध करावे लागेल. सिद्धतेच्या मर्यादा दाखविण्यासाठीसुद्धा सिद्धताच लागते. त्यातून सुटका नाही.

शेवटची वर्षे

या दाव्यामुळे कोसंबींच्या गणिती लौकिकाला मोठा धक्का बसला. दुसरीकडे अणुऊर्जेच्या धोरणावर ते उघड टीका करीत होते. अण्वस्त्रांच्या विरोधातील शांतता चळवळीचे ते पुढारी होते आणि भारतासारख्या देशाने सूर्याची ऊर्जा वापरावी, असे ते आग्रहाने सांगत. आमच्या जिल्ह्यातील उन्हात उभे राहून आज ते बोल आठवले, म्हणजे त्यांची दूरदृष्टी पटते. संस्थेच्या धुरीणांशी त्यांचे मतभेद वाढत गेले आणि १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. सोळा वर्षांची सेवा संपली.

त्याच वर्षी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा आली. गणितही त्यांनी सोडले नाही. १९६३ मध्ये मूळ संख्यांच्या वितरणावरील त्यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापला गेला. काही निबंध त्यांनी ड्युक्रे या टोपणनावाने लिहिले. तीस वर्षांपूर्वी गमतीखातर काल्पनिक गणितज्ञाचे नाव छापणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतःच टोपणनाव घ्यावे, हा योग चटका लावणारा आहे. १९६४ पासून ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञ होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

आम्ही यातून काय घ्यावे

कोसंबी हे मार्क्सवादी होते, आंबेडकरवादी नव्हते. जात म्हणजे उत्पादनाच्या प्राथमिक पातळीवरील वर्गच होय, या त्यांच्या मताशी आम्ही सहमत नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची उतरंडीची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे निदान अधिक खोल आहे. धर्मशास्त्राने दिलेल्या मान्यतेचा हिशेब त्यात आहे, कोसंबींच्या सूत्रात तो पुरेसा येत नाही. तरीही त्यांचा आम्हांला उपयोग आहे, आणि तो पद्धतीचा आहे.

ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांच्या इतिहासाचा लेखी पुरावा मागणे ही एक प्रकारची चलाखी आहे. कोसंबींनी दाखविले की मुकी नाणी, झिजलेल्या वाटा, शेंदूर फासलेले तांदळे हेसुद्धा साक्ष देतात. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या उगमाचा शोध घेताना याच अडचणीला तोंड दिले. मधले दुवे तुटलेले असतील तेथे इतिहासकाराने तर्काने दुवा जोडावा, असे त्यांनी म्हटले; त्याच वेळी आपला सिद्धांत अंतिम आहे असा दावा आपण करीत नाही, हेही त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले. त्या नमूद करण्यात त्यांचे मोठेपण आहे. इतिहासात सबळ अनुमान हे ज्ञान होय. मात्र ते अनुमान आहे, असे त्याच्यावर लिहिलेले असले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. ग्रीक भाषेतील जुन्या सागरप्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली वास्तू मुळात बौद्ध चैत्य होती, असे अभ्यासक मानतात. हे मत वास्तूच्या घडणीवर उभे आहे आणि म्हणून भक्कम आहे. जुन्नरजवळ बौद्ध लेण्यांच्या एका गटाला तुळजा लेणी म्हणतात, कारण तेथे पुढील काळात देवीची स्थापना झाली. हीसुद्धा पाहून खात्री करावी अशी वस्तुस्थिती आहे. परंतु या दोन गोष्टी हाती आहेत म्हणून, केवळ नावाच्या साम्यावरून, आपल्या तुळजापूरच्या प्राचीन इतिहासाविषयी निर्णय देऊन मोकळे होणे म्हणजे संभाव्यतेला सिद्धता म्हणण्यासारखे आहे. अभिमानाच्या भरात आपल्यापैकी काही जण असे करतात. आपल्या विरोधकांच्या पोथ्यांना जी कसोटी आपण लावतो, तीच आपल्या भाषणांना लावली पाहिजे. कालामांना केलेल्या उपदेशात आपल्या आवडीच्या मतांना सूट दिलेली नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या ओळखावयास शिकावे. पहिली, श्रद्धेने मानलेली गोष्ट. तिला पुरावा नसतो आणि ती ज्ञान होत नाही. दुसरी, पुराव्याने संभवनीय ठरलेली गोष्ट. इतिहास, वैद्यक, शेती आणि न्यायालये याच आधारावर चालतात, आणि नवा पुरावा आला तर येथे मत बदलावे लागते. तिसरी, सिद्ध झालेली गोष्ट. ती गणितात मिळते, आणि तिलाही गडेलने दाखविलेली सीमा आहे. कोसंबींसारखा प्रकांड पंडित दुसरीवरून तिसरीवर झेप घेताना पडला. ज्या सहकाऱ्यांनी त्यांना मान्यता नाकारली, त्यांनी त्या एका बाबतीत गणिताचा धर्म पाळला. कोसंबींची विद्वत्ता, कीर्ती वा वय यांपैकी काहीही सिद्धतेच्या जागी ठेवता येत नव्हते. आणि कोसंबींचे मोठेपण त्या पडण्याने कमी झाले नाही. ज्याच्याकडे वाट काढण्याची हिंमत होती, तोच तेथवर पोहोचला.

रीमान यांची अटकळ आजही असिद्ध आहे. ती सिद्ध करणाऱ्यासाठी २००० मध्ये अमेरिकेतील एका गणित संस्थेने दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले आहे. त्या पारितोषिकासाठी जात, गाव, आडनाव वा घराणे विचारले जात नाही. सिद्धता तेवढी विचारली जाते. आमच्या वसतिगृहात दिव्याखाली भूमितीचे प्रमेय सोडविणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक पायरीपुढे कारण लिहिण्याची सवय ज्यांना लागली, त्यांना उद्या कोणताही पुरोहित, पुढारी वा पोथी फसवू शकणार नाही. अत्त दीप भव या धम्मवचनाचा गणिताच्या तासाला एवढाच अर्थ आहे. सर्वांचे मंगल होवो.